बेटवलीच्या वाऱ्याची मोजणी

आमच्या जुन्या ऑफिसातले आम्ही चौघे महिन्यातून एकदा वाशीत चहाला भेटतो. कुणाच्या तोंडून नुसतं ‘बेटवली’ निघालं की पुढचे दोन तास गेले! वाळलेला बोंबील बांबूच्या वलांडीवरून काढायला जावं, तर त्याच्या जबड्यात अडकवलेला दुसरा हातात येतो. आमच्या किस्स्यांचं तसंच आहे. मी सांगतो तेव्हा तपशील दर वेळी थोडे बदलतात, असं घरच्यांचं म्हणणं आहे. असेलही. वाऱ्यावर पीएच.डी. करूनसुद्धा बाहेर पडताना मी खिडक्या तीनतीनदा तपासतो. तेव्हा माझ्या खात्रीवर फार विसंबू नका.

*

ऐंशीचं दशक नुकतं सुरू झालं होतं. वाशीत तेव्हा इमारती कमी आणि मोकळे प्लॉट जास्त होते. त्यात आमचं तीन खोल्यांचं ऑफिस. वाऱ्यापासून वीज करता येईल का, ते तपासायचं आमचं काम. बाहेर पाटी लावली, ‘पवनऊर्जा प्रकल्प’.

पहिल्याच आठवड्यात शेजारच्या सेक्टरमधल्या एक बाई रिक्षातून टेबलफॅन घेऊन आल्या. म्हणाल्या, “फिरतो, पण मान हलवत नाही.”

आमचे साहेब भागवत. स्वभावाने अत्यंत उत्साही. “बाई, हे ते ऑफिस नव्हे,” असं सांगायचं सोडून त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर मागवला! अर्ध्या तासात पंखा मान हलवायला लागला. महिनाभर रोज एक पंखा येत होता. वर्षअखेरीच्या अहवालात साहेबांनी ‘जनसंपर्क : उत्तम’ असं लिहिलं.

*

प्रकल्पासाठी बेटवलीची टेकडी निवडली होती. खाडीकाठचं शंभरेक घरांचं गाव. भातशेती नव्या शहरात गेलेली, मिठागरं बंद पडत चाललेली. उरली होती ती ही टेकडी. माथ्यावर बायका बांबूच्या वलांड्या बांधून बोंबील सुकवत आणि तिथून ते बाजारात जात. त्याच माथ्यावर आम्हाला बारा पवनचक्क्या उभ्या करायच्या होत्या आणि भोवती तारेचं कुंपण घालायचं होतं.

आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा हिराबाई म्हात्रे वलांडीपाशी उभ्या होत्या. पन्नाशीच्या, ठसठशीत, नऊवारीचा कासोटा घट्ट मारलेला. साहेबांनी नकाशा दाखवून सगळं समजावलं. प्रगती, वीज, उज्ज्वल भविष्य, सगळं!

हिराबाईंनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, “बारा पंखे इथं लावनार. आनि बोंबील काय तुमचे डोक्यावर सुकवाचे?”

साहेबांना टक्कल होतं. गाव खो-खो हसलं. साहेबही हसले. पण मी हसलो नाही, कारण प्रश्न बरोबर होता.

*

मग रीतसर ग्रामसभा झाली, शाळेच्या अंगणात. साहेबांनी टेबलावर मोठा नकाशा पसरला आणि खाडीकडून असा वारा आला की नकाशा टेबलावरून उठला, शाळेच्या कौलांवरून गेला आणि थेट चिखलात उतरला. आमचा ड्रायव्हर गफूर गुडघाभर गाळात उतरून तो घेऊन आला, तेव्हा त्यावर बारा पवनचक्क्यांच्या जागी बारा चिंबोऱ्या चालून गेल्यासारखं दिसत होतं.

गावचे वडीलधारे जोमा नाना म्हात्रे, हिराबाईंचे मोठे दीर. आयुष्य मिठागरात गेलेलं. त्यांनी नकाशाच्या चार कोपऱ्यांवर चार धोंडे ठेवले आणि म्हणाले, “साहेब, आमचे गावान कागद वाचाचा असल तर पयला धोंडा शोधावा लागतो.”

ठराव झाला : गावाचा विरोध. एकमताने! ठरावाचा कागदही धोंड्याखाली ठेवूनच सह्या झाल्या.

*

विरोध असला तरी वर्षभर वारा मोजायचा हुकूम होता. एक खांब रोवायचा, वर फिरणाऱ्या वाट्या लावायच्या आणि रोज आकडे टिपायचे. वर्षाची सरासरी चांगली आली तर बारा चक्क्या. नाही आली तर फाइल बंद. अहवाल मी लिहायचा होता. म्हणजे टेकडी राहणार की जाणार, हे माझ्या सहीवर! आठवडाभर मला जेवण गेलं नाही.

जागा निवडायला गेलो तेव्हा अर्धं गाव मागे. गाव भांडेल अशी तयारी ठेवूनच मी बोलायला सुरुवात केली. म्हटलं, दोन उंचवट्यांच्या मधल्या घळीत वारा कोंडतो आणि वेग घेतो, पुस्तकांत तसं आहे. इथे अशी घळ आहे का?

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग जोमा नाना सावकाश म्हणाले, “हाय ना! मावलीची घळ.”

माथ्याच्या मागच्या बाजूला दोन काळ्या कातळांच्या मध्ये गावदेवीचं ठाणं होतं. शेंदूर लावलेला दगड, पुढे दिव्याचा कट्टा, वर उघडं आभाळ. मी म्हटलं, “इथं खांब लावला तर देवीला चालेल?”

“चालल म्हंजे? मावलीचे शेजारी जागा, मान हाय तुमचा!” हिराबाई म्हणाल्या.

मंजुरी तीस फुटी खांबाची होती, आला पंधरा फुटी. खड्डा गावानेच खणून दिला. परत येताना साहेब जीपमध्ये म्हणाले, “बघा, लोक इतके वाईट नसतात.”

मी म्हटलं, “माथ्यावर लावला असता तर—”

“डॉक्टरेट तुमची आहे की माझी?”

 या प्रश्नावर मी नेहमीच गप्प बसतो.

*

आणि वाट्या फिरेनात!

म्हणजे फिरायच्या, पण कार्यालयीन कामकाजाच्या गतीने. पहिला महिना गेला, दुसरा गेला. आकडे एवढे एवढेसे. मी वंगण घातलं. वाट्या बदलल्या. अख्खं यंत्र पुण्याला तपासायला पाठवलं, तिथून शेरा आला, ‘उपकरण निर्दोष’. मग उरलो मी! रात्रंदिवस एकच विचार, आपला प्रबंध मुळात चुकला तर नसेल?

जोमा नाना माझी समजूत घालायचे. “साहेब, जिवाला नका लावून घेव. वारा हाय तो. त्याचे मनावर असतं.”

हिराबाई तर परत जाताना दर खेपेला सुक्या बोंबलांची पुडी द्यायच्या. मी शाकाहारी. गफूरच्या घरी वर्षभर चंगळ झाली.

*

एकदा अफवा आली की भंगारवाले खांबाची तांब्याची वायर काढून नेणार. साहेब घाबरे झाले. जाऊन बघतो तर घळीच्या तोंडाशी बेटवलीच्या चार बायका कोयते घेऊन बसलेल्या! पाळ्या लावल्या होत्या. सकाळी दोघी, दुपारी चौघी.

“विरोध करताय आणि राखणही करताय?” मी विचारलं.

“विरोध चक्कीला हाय,” हिराबाई म्हणाल्या, “खांबाला नाय. खांब बिचारा गुनी हाय.”

त्यांच्यातल्या एकीने तोंडाला पदर लावला. साहेबांनी त्या महिन्याच्या अहवालात लिहिलं, ‘लोकसहभाग : अनुकरणीय’.

*

तरीही मोर्चा आलाच. दोन टेम्पो भरून बेटवली वाशीच्या ऑफिसात. नेमकी तेव्हाच लाइट गेली. मे महिना, आम्ही घामाने निथळतोय आणि समोर घोषणा! हिराबाई आत आल्या, छताकडे बघून म्हणाल्या, “वाऱ्याची वीज करनार ती मानसं ही. यांचा स्वतःचा पंखा बंद!”

मग हातातल्या ‘टेकडी आमची’ लिहिलेल्या पुठ्ठ्याने त्यांनीच साहेबांना वारा घातला. निवेदन घेताना फोटो काढला, त्यात घोषणेचा पुठ्ठा हलल्यामुळे धूसर आलाय आणि साहेब कमालीचे समाधानी दिसतायत.

निवेदनात शेवटची मागणी होती, ‘मोजणी पूर्ण वर्ष करावी. मध्येच बंद करू नये.’

साहेब हेलावले. “सायंटिफिक टेंपर म्हणतात तो हा!”

*

वर्ष भरलं. सरासरी काढली, पुन्हा काढली, गुणाकार उलटे करून पडताळले. अहवालाचा निष्कर्ष एका ओळीचा : ‘सदर टेकडीवर वीजनिर्मितीस पुरेसा वारा नाही.’ टाइप करून घेतला, पण सही करवेना. त्याच टेकडीच्या खालच्या शाळेतून माझ्या डोळ्यांदेखत नकाशा उडाला होता! पिशवीत अहवाल घालून मी एकटाच बेटवलीला गेलो. खांब काढायचा दिवस होता.

दुपारचे चार वाजले होते. खाडीवरून भरात वारा सुटला होता. आधी माथ्यावर गेलो. वलांड्यांवरचे बोंबील आडवे फडफडत होते. माझा चष्मा नाकावर राहीना. एका हाताने चष्मा, एका हाताने पिशवी धरून मी मागच्या बाजूने घळीत उतरलो.

गाव जमलं होतं. खांब जाणार म्हणून हिराबाईंनी त्याला हळदकुंकू लावलं होतं. मग त्यांनी देवीपुढच्या उघड्या कट्ट्यावर पणती ठेवली, काडी ओढली आणि वात लावली. आडोशाला हात धरला नाही. तशीच मागे सरकून बसल्या.

मी पणतीकडे बघत राहिलो. ज्योत सरळ उभी होती. देवळातल्या तसबिरीत काढलेली असते तशी. हलत नव्हती. वर पाहिलं, वाट्याही हलत नव्हत्या. कातळांच्या वरून मात्र वारा शिट्टी मारत चालला होता.

“नाना,” मी म्हटलं, “ही पणती इथे रोज लावता?”

“रोज.”

“कधी विझते?”

“तेल संपला का इझते.”

 हिराबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. मला पहिल्यांदाच त्या घाबरलेल्या दिसल्या. म्हणाल्या, “साहेब, जागा तुमीच सांगितली होती.”

“हो,” मी म्हटलं. “मीच.”

मग मी कट्ट्यावर बसलो. पिशवीतून अहवाल काढला, पणतीशेजारी ठेवला आणि पेनाचं टोपण उघडलं. जोमा नाना सवयीने धोंडा शोधायला वाकले.

“राहू द्या, नाना,” मी म्हटलं, आणि शेवटच्या पानावर सही केली. कागदाचा कोपरासुद्धा हलला नाही.