‘ती’ म्हणजे कोण?

इजिप्तमधल्या दमनहूर गावात वजीहाबाईंना सगळे ‘अब्ला’ म्हणत. तिकडे शाळेतल्या बाईंना तसंच म्हणतात. आपल्या मराठीतली अबला डोळ्यांपुढे आणाल तर फसाल. या अब्लापुढे कॉलेजातले भले भले प्रोफेसर चळाचळा कापायचे.

एकोणतीस वर्षं मुलींना इंग्रजी शिकवून बाई निवृत्त झाल्या आणि लोकांचे इंग्रजी शोधनिबंध दुरुस्त करू लागल्या. इंग्रजी शब्द दिसला की त्याच्या डोक्यावर ‘द’ची टोपी चढवायची ही त्या गावाची खोडच! बाई लाल पेन्सिलीने टोप्या उतरवत बसायच्या, आणि खरं सांगायचं तर त्यात त्यांना भारी सुख वाटायचं.

एकदा इब्तिहाल आली. म्हशींची दगडी, म्हणजे कास सुजण्याचा रोग, हा तिच्या डॉक्टरेटचा विषय. निबंध मासिकाकडून दोनदा परत आला होता: काम चांगलं, भाषा सुधारा. आता तिसऱ्यांदा आला असता तर डॉक्टरेट वर्षभर लांबली असती. पोरीचा चेहरा एवढासा झाला होता.

‘‘अगं, म्हशीला ‘शी’ काय म्हणतेस? शेजारीण आहे का ती तुझी? ‘इट’ लिही.’’

‘‘अब्ला, रेडकाला चाटते, दूध देते, आणि ‘इट’? ‘इट’ म्हणायचं तर दगडाला म्हणा!’’

‘‘ते इंग्रजांना जाऊन सांग.’’

पोरीचं तरी काय चुकलं? अरबीत सगळं जग ‘तो’ नाहीतर ‘ती’. आपल्यासारखं ‘ते’ नाहीच. बाई भराभर ‘शी’ खोडून ‘इट’ करत सुटल्या. नवव्या पानावर वाक्य होतं: सूज दिसण्याआधी दोन दिवस तिला कळतं. तिथंही ‘इट’ झालं. मग पेन्सिल थबकली.

‘‘म्हशीला कळतं? आणि तुझ्या कानात येऊन सांगते वाटतं?’’

‘‘म्हैस नाही, अब्ला. उम्म साबिर. आमच्या गोठ्यात धारा काढते. कासेला हात लावून सांगते, सात नंबर बिघडणार. यंत्र दोन दिवसांनी तेच सांगतं. ती बोट दाखवेल त्याच म्हशी मी तपासल्या.’’

‘‘मग तुझा सगळा निबंध तिच्या हातावर उभा आहे! नाव कुठंय तिचं?’’

‘‘अंगठेबहाद्दर बाईचं नाव? सर हसतील. पुन्हा परत आला तर मी मेलेच!’’

‘‘माणसाला ‘शी’ म्हणायचं तर आधी नाव यावं लागतं. व्याकरण आहे, माझी मर्जी नव्हे.’’

‘‘बरं बाई, घाला उम्म साबिर.’’

‘‘ती साबिरची आई झाली. तिचं स्वतःचं नाव काय?’’

इब्तिहाल चार वर्षं त्या बाईच्या हातचा चहा प्यायली होती, पण नाव ठाऊक नव्हतं. तिला मनापासून लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी गोठ्यात विचारलं, तर उम्म साबिर तोंडाला ओढणी लावून हसायला लागली. ‘‘आता कशाला गं? बाप गेल्यापासून त्या नावानं कुणी हाक मारली नाही.’’

‘‘सांग ना, मावशी. अब्ला मला घरात घेणार नाहीत.’’

‘‘शलबिया,’’ ती हळूच म्हणाली.

निबंध गेला. इब्तिहालने नखं कुरतडून संपवली. दोन महिन्यांनी उत्तर आलं: स्वीकारला, भाषा उत्तम, फक्त या बाईंची कास पाहण्याची पद्धत जरा विस्ताराने लिहा. सर हसले खरे, पण आनंदाने.

छापील पानं आली त्या दुपारी इब्तिहाल मावशीला घेऊन बाईंकडे गेली. मावशीने म्हशीच्या दुधाची जाड साय आणली होती. काळा मध, म्हणजे आपली काकवी, घालून सगळ्यांनी ती पोटभर खाल्ली.

‘‘वाचा की, अब्ला,’’ मावशी म्हणाली. ‘‘मला कळायचं नाही, तरी वाचा.’’

वजीहाबाईंनी चष्मा लावला आणि वर्गात वाचत तशा खणखणीत आवाजात नववं पान वाचायला घेतलं. मावशी मांडीवर हात ठेवून, मान खाली घालून ऐकत होती. परक्या शब्दांच्या त्या गर्दीत नाव आलं, शलबिया. आणि तिने चटकन मान वर करून ‘ओ’ दिली.