तिकडं नळाला रोज पाणी

माझ्या अहमदपूरच्या मित्रानं आयुष्यात एकही गोष्ट तिच्या मापात राहू दिली नाही. शाळेत आम्ही एका बाकावर. त्याच्या घरची म्हैस नुसतं दूध देत नसे, घरातली भांडी कमी पडत. त्याच्या मामाला नुसता ताप येत नसे. डॉक्टर हात टेकत आणि मामा दुसऱ्या दिवशी कुस्ती मारून येई. पुढं त्यानं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान टाकलं, पण बढाई स्वतःची कमी आणि दुसऱ्याचीच जास्त. आवडत्या माणसाला साध्या कपड्यांत लोकांपुढं उभं करणं म्हणजे त्याला त्या माणसाचा अपमान वाटायचा. माझ्यावर त्याचा फार जीव होता. तेच मला भोवलं.

लातूरच्या एका विनाअनुदानित कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवायचो. इथियोपियातल्या एका विद्यापीठात नोकरी मिळाली तेव्हा संस्थेच्या अध्यक्षांनी शब्द दिला, "करार संपवून या सर, जागा तुमचीच." दुसऱ्या वर्षी मित्राचा फोन आला, "तुझं गाव बघाय यायलोय. वहिनीला म्हणावं, दोन माणसांचं जास्तीचं टाका." आणि बायकोला घेऊन तो खरंच आला. सामानात शेंगदाण्याची चटणी, धपाट्यांचं पीठ आणि कपड्यांत गुंडाळलेले पाने-पक्कड.

आमचं घर म्हणजे दोन खोल्या, वर पत्रा. पाणी आठवड्यातून एखाद्या वेळी यायचं, ते ड्रममध्ये भरून ठेवायचं. वीज तिच्या मर्जीनं. तो पत्र्याखाली उभा राहिला, चारी बाजूंनी बघितलं आणि म्हणाला, "काय हवा हाय रे! असा महाल सोडून कोण जाईल?" मला वाटलं, धीर देतोय. तिथली आंबवलेल्या पिठाची मऊ भाकरी खाताना मात्र पहिल्याच घासाला त्याचं तोंड वाकडं झालं. "ही तर आंबीलच थापली की!" पण दुसऱ्या दिवशी माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरी तीच त्यानं मागून घेतली, त्यांच्या परसातली बंद पडलेली मोटार चालू करून दिली आणि त्या मुलाच्या म्हाताऱ्या आईशी तासभर मराठीत बोलत बसला. ती तिच्या भाषेत बोलत होती. दोघंही अधूनमधून हसत होते. मला तिथं दुसरं वर्ष चालू होतं, पण गल्लीतल्या कुणी मला जेवायला बोलावलं नव्हतं. त्याच्यामुळं बोलावू लागले. तो निघाला त्या दिवशी अख्खी गल्ली दारात जमली आणि माझी बायको घरात जाऊन रडली.

पुढचं मला नंतर कळलं. अहमदपूरला एका लग्नात त्याला आमचे अध्यक्ष भेटले. "सर कसे आहेत तिकडे?" एवढं विचारणं पुरे होतं. दोन खोल्यांचा दुमजली बंगला झाला. विद्यापीठाच्या फाटकावरचा खोकणारा म्हातारा पहारेकरी म्हणजे बंदूकवाल्यांची रांग झाली. आणि नळाच्या पाण्यासाठी दिवस मोजणाऱ्या लातूरच्या माणसाला याहून मोठं काय सांगणार म्हणून शेवटी त्यानं ठोकून दिलं, "तिकडं नळाला रोज पाणी!"

"मग सर कशाचे परत येतात!" अध्यक्ष म्हणाले.

"कशाला येतेत? राजावानी ठेवलंय त्यांना."

अध्यक्षांना हेच ऐकायचं असावं. त्या जूनमध्ये माझ्या जागी त्यांचा भाचा लागला.

करार संपवून मी परतलो तर अध्यक्ष म्हणाले, "सर, तुमच्याच माणसानं सांगितलं." आता मी नांदेडला तासिका तत्त्वावर शिकवतो, जेवढे तास घेतले तेवढेच पैसे. आम्ही आलो असं कळताच मित्र लातूरला धावत आला. चहाचा कप त्याच्या हातात देताना बायको म्हणाली, "भाऊजी, तुमच्या त्या बंगल्यानं आमची भाकरी खाल्ली." आणि तिनं सगळं सांगितलं.

"वहिनी, मी तर चांगलंच सांगितलं की."

"हो. चांगलंच सांगितलं."

तो चहा न घेताच उठला. मी त्याला थांब म्हणालो नाही. तो तडक अध्यक्षांकडे गेला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं एखादी गोष्ट आहे तशी सांगितली: पत्रा सांगितला, ड्रम सांगितले, अंधार सांगितला. अध्यक्ष हसले. "मित्रासाठी काहीही सांगता बुवा तुम्ही!"

दर शनिवारी मी नांदेडहून लातूरला घरी जातो. बस अहमदपूरला थोडा वेळ थांबते. माझा राग निवाला नव्हता तेव्हाही तो स्टँडवर यायचा, अजून येतो, खिडकीखाली उभा राहतो. मी विचारतो, दुकान कसं आहे? "ठीक हाय." मुलगा काय म्हणतो? "हाय बरा." एवढंच बोलतो, जणू प्रत्येक शब्द तराजूत तोलून देतो.

परवा खिडकीखाली त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या एका प्रवाशानं त्याला माझ्याबद्दल विचारलं, "हे कोण?" मी नकळत सरसावून बसलो. किती दिवसांत कुणी माझ्याविषयी काही मोठं बोललं नव्हतं. त्यानं माझ्याकडं बघितलं, तोंड उघडलं, मग खाली बघत म्हणाला,

"मास्तर हायेत. नांदेडला शिकवतेत."

कंडक्टरनं बेल मारली आणि बस सुटली.