पार्बताबाईंच्या गळ्यातली खरखर

"पुन्हा लाव," मी तिसऱ्यांदा म्हणाले आणि नितीनने कपाळाला हात लावला.

नितीन माझा जुना विद्यार्थी. आता नागपूरजवळ वाडीला त्याचा स्वतःचा स्टुडिओ आहे. गोदामांच्या रांगेत असल्यामुळे ट्रकचे हॉर्न आत येऊ नयेत म्हणून भिंतींना त्याने हातभर जाड गाद्या ठोकल्या आहेत. त्या गाद्यांच्या मध्ये बसून आम्ही पार्बताबाईंचा भुलाबाईच्या गाण्यांचा अल्बम ऐकत होतो. भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आमच्या विदर्भात पोरी संध्याकाळी घरोघर जाऊन म्हणतात, ती गाणी. रेकॉर्डिंग मी केलेलं, लकडगंजच्या एका कॅसेट कंपनीत, पंचविशीत असताना. माझ्या हातून झालेलं सगळ्यात सुंदर काम तेच आणि सगळ्यात भिकारही तेच. गाणी सुंदर. रेकॉर्डिंग भिकार.

प्रत्येक गाण्याची पहिली ओळ कवडीच्या दह्यासारखी. तिसऱ्या ओळीपासून कुणीतरी शेजारी बसून पापड मोडतंय अशी खरखर. चौथ्या कडव्यापर्यंत पापडांची पंगत.

"मॅडम, जास्त साफ केलं का बाईचा आवाजच पुसून जाते," नितीन म्हणाला. "खरखरीसंगं 'स' जाते, 'श' जाते. बाई बोबडी वाटते."

"मग कमी साफ कर."

"कमी केलं तर खरखर राहते. आता गळाच खराब होता तर सॉफ्टवेअर काय करंल? हे तुमीच तर शिकवलं आमाले."

हो, मीच शिकवलं होतं. निवृत्तीनंतर मी मुलांना रेकॉर्डिंग शिकवते. प्रत्येक बॅचला ही कॅसेट वाजवायची आणि बोट वर करून सांगायची, "उत्तम गाणी, उत्तम गायिका, पण गळ्याची काळजी घेतली नाही. पाहा कसा वाया गेला अल्बम." मुलं वहीत लिहून घ्यायची. देव त्या वह्यांचं भलं करो.

कॅसेट पुन्हा माझ्यासमोर आणली ती पार्बताबाईंच्या नातीने. अश्विनी तिचं नाव, इथेच शाळेत शिकवते. तिचं म्हणणं सरळ होतं. आजीने स्वतः रचलेली गाणी आज कुणीही गातं, इंटरनेटवर टाकतं आणि खाली 'पारंपरिक' असं लिहून मोकळं होतं. तेव्हा मूळ अल्बम आजीच्या नावाने यायला हवा. आजी मात्र ऐकत नव्हती.

"ती म्हणते, माह्या सडक्या गळ्याचं गाणं लोकाईले ऐकवू नको," अश्विनी म्हणाली. "त्या कॅसेटनंतर ती कुठंच गायली नाही, मॅडम. भुलाबाईतही नाही. खरखर निघाली तर ती हो म्हणेल. ब्याऐंशीची आहे, आता थांबायला वेळ नाही."

मी छातीवर हात ठेवून सांगितलं, "निघेल."

आठवडाभर निघाली नाही. नितीन वैतागला, मी त्याहून वैतागले. घरी माझा नातू म्हणाला, "आजी, एआयला दे ना, दोन मिनिटांत करतं." एआयला दिलं. दोन मिनिटांत पार्बताबाईंच्या जागी एक गुळगुळीत प्लास्टिकची बाई गायला लागली. ती पार्बताबाईंच्या गावची, खाप्याची नव्हती, एवढं नक्की.

शेवटी मला स्पूल आठवला. स्पूल म्हणजे रुंद टेपचं मोठं रीळ. गाणं आधी त्याच्यावर रेकॉर्ड व्हायचं आणि त्यावरून कॅसेटी निघायच्या. आमच्या स्पूलवर दोन पट्टे होते. डाव्या पट्ट्यावर फक्त पार्बताबाईंचा माइक, उजव्यावर दुसरा माइक, पेटी आणि ढोलकीचा. कॅसेट काढताना दोन्ही एकत्र केले होते. स्पूल माझ्या कपाटात होता, लग्नाच्या शालूखाली. शालूपेक्षा जास्त जपलेला.

नितीनकडे स्पूलचं जुनं मशीन आहे. त्याने डावा पट्टा एकटा लावला. पेटी नाही, ढोलकी नाही, नुसत्या पार्बताबाई. विहिरीचं गाणं होतं. सासरचा दोर अपुरा पडतो म्हणून सून प्रत्येक कडव्याला अंगावरचा एक दागिना दोराला बांधते. दुसरं कडवं संपलं. आता पेटीचा तुकडा. तो उजव्या पट्ट्यावर, म्हणजे आम्हाला ऐकू येणार नाही. पार्बताबाई थांबल्या.

खरखर थांबली नाही.

नितीनने टेप मागे घेतली, पुन्हा लावली. मग माझ्याकडे वळला.

"मॅडम, बाई तर चूप बसून राहिली."

माणूस गप्प बसल्यावर त्याचा गळा कसा खरखरेल? हे कळायला ध्वनिशास्त्र लागत नाही. कॅसेटमध्ये त्या जागी पेटी-ढोलकी जोरात होती, त्यामुळे कुणाला कळलं नाही. कुणाला म्हणजे मला.

तो माइक माझ्याच घरी होता. त्या रेकॉर्डिंगनंतर दोनेक महिन्यांत तो पार मेला. तेव्हा मी मालकांना "हवेमुळे झालं" असं शास्त्रीय उत्तर दिलं आणि मेलेला माइक आठवण म्हणून घरी आणला. बैठकीत शोकेसमध्ये होता, नातवाच्या ट्रॉफ्यांच्या शेजारी. मी जेवणाच्या टेबलावर पेपर पसरला, छोटा स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि माइकची जाळी उघडली.

आत लाल. जाळीला आतून लाल, खालच्या पडद्यावर लाल, खाचेत वाळलेला लाल गोळा. बोटाला लावून पाहिलं. कुंकू.

मग सगळं आठवलं. अगदी नको इतकं.

आमचा स्टुडिओ एका आरागिरणीच्या माडीवर होता. खाली लाकडं चिरली जायची आणि वर आम्ही पातं थांबायची वाट पाहत बसायचो. दोन ओंडक्यांच्या मध्ये एक गाणं, असा हिशेब. दसऱ्याला गिरणी पूजेपुरती उघडायची आणि मग दोन दिवस बंद राहायची. खाली मिस्त्री पात्याची पूजा करायचे. हळद-कुंकू, झेंडू, नारळ. त्या वर्षी आमच्या शेठजींनी ताट वर आणलं. "सुलभाबाई, अपने मशीन को भी टीका लगाओ." शेठजी नागपूरचेच, पण धंद्याचं सगळं हिंदीत बोलायचे.

मी तेव्हा नवी रेकॉर्डिस्ट. हेडफोन गळ्यात अडकवून बसस्टॉपपर्यंत जायची, लोकांना दिसावं म्हणून. टेप मशीनच्या झाकणाला टिळा लावला, छान बसला. माइकला लावला तर जाळीतून कुंकू आत पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. माझा माइक बिनटिळ्याचा राहणार आणि खालचं पातं नवरीसारखं नटणार, हे मला पटेना. मी कुंकवात पाणी कालवलं आणि अंगठ्याने दाबून बसवलं. वरून झेंडूचा हार. फोटोही काढला.

त्या जातीच्या माइकमध्ये जाळीच्या आत एक पडदा असतो, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. आवाजाने तो थरथरतो आणि त्यातून विजेचा अगदी बारीक प्रवाह तयार होतो. त्याच्यावर धूळ चालत नाही, तिथे मी कुंकवाचा लगदा थापला होता. कोरडा असेपर्यंत तो गुपचूप बसे. कुणी जवळ तोंड नेऊन गायलं की श्वासाच्या ओलीने कुंकू ओलं होई, वीज भलतीकडे गळे आणि खरखर सुरू होई. दहा मिनिटं थांबलं की वाळून पुन्हा ठीक. म्हणजे लक्षणं हुबेहूब थकलेल्या गळ्याची. सुरुवातीला चांगला, मग खराब, विश्रांतीनंतर पुन्हा चांगला.

पार्बताबाई दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आल्या होत्या. महिनाभर भुलाबाई म्हणत होत्या, त्यामुळे माझं निदान तयारच होतं. "गळा थकलाय," मी शेठजींना म्हणाले.

"परसों गिरणी चालू हो जाएगी," शेठजी म्हणाले. "जैसा है वैसा निकालो. बाई, गला संभालो ज़रा."

पार्बताबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तज्ज्ञासारखी.

नितीनला फोन करून सगळं सांगितलं. तो बराच वेळ हसला आणि मग म्हणाला, "पण मॅडम, सांगाची काय गरज हाय? म्हणू का टेप जुनी झाली."

मी दोन मिनिटं विचार केला. खोटं कशाला बोलू, दोन दिवस केला. माझ्या हाताखालून इतक्या बॅचा गेल्या, शहरात लोक मला मानतात वगैरे. मग अश्विनीला म्हणाले, मला खाप्याला घेऊन चल.

पार्बताबाई ओसरीत खाटेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. वाळून एवढ्याशा झालेल्या, पण नजर जशीच्या तशी. मी माइक पुढ्यात ठेवला, उघडून दाखवला आणि सगळं सांगितलं. त्या शेंगा सोलत राहिल्या.

"मंग त्या दिवशी माहा गळा?" शेवटी त्यांनी विचारलं.

"चांगला होता."

"चांगला म्हंजे केवढा चांगला?"

"पहिल्या ओळीइतका. शेवटपर्यंत."

त्यांनी एक शेंग हातात तशीच धरली.

"तुह्या कानाले तं मशीन लावेल होती ना वं? मी चूप बसली तरी थे खरखरे, मंग तुले ऐकू काहून नाई आलं?"

"तुम्ही थांबलात की मी हेडफोन काढून चहा प्यायची," मी म्हणाले.

अश्विनीला हसू आवरेना. पार्बताबाईंना आलं नाही.

"तवापासून मी मिरची सोडली," त्या म्हणाल्या. "तिखट बंद, लोणचं बंद, मंग गळा सुधरते. तूच सांगतलं होतं. मी सोडली. चार पोराईचे लगन झाले घरात, लोकं झणझणीत रस्सा खाऊन राहिले अन् मी गोडं वरण."

"किती दिवस?"

"आजलोक."

मी हे सांगितल्याचं मला आठवतसुद्धा नव्हतं. कुणीतरी जाता जाता सल्ला फेकावा तसा फेकला असणार. बाईंनी तो चाळीस वर्षं पाळला. मी माफी मागितली. ती किती अपुरी पडली ते मला ऐकू आलं.

"पुन्हा रेकॉर्ड करू," मी म्हणाले. "नितीनचा माइक आहे, नवा, चांगला. कुणी पूजा केलेली नाही."

"आता खरंच खराब हाय माहा गळा. म्हातारी झाली मी." त्यांनी शेंग सोलून दाणे सुपात टाकले. "तवा नवता ना? तेवडंच पायजे होतं मले." मग अश्विनीकडे वळल्या. "टाक वं ते गाणे. जसे हायेत तसे. खरखरीसकट. अन् खाली लिव्ह, खरखर काहून हाय अन् कोनामुळं हाय."

"आजी, मॅडमचं नाव कशाला? नुसतं माइक खराब होता म्हणू."

"काहून? इतके साल माह्या गळ्याचं नाव नाई झालं का?"

मी म्हणाले, "नाव टाक."

जेवायला बसलो तेव्हा त्यांनी सुनेकडे ठेचा मागितला. सून दचकली. पहिल्या घासाला पार्बताबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं, नाक वाहिलं, ठसका लागला. पाणी प्यायल्या आणि अजून मागितला.

अल्बम आला. नितीनने आणि मी स्पूलवरून काढला, आवाजाला बोट लावलं नाही. खाली अश्विनीने लिहिलं की गीत, चाल, आवाज पार्बताबाई यांचा. खरखर रेकॉर्डिस्ट सुलभा यांची, त्यांनी माइकला कुंकू लावल्यामुळे. मी वाचून पाहिलं. मजकुरात चूक काढायला जागा नव्हती.

लोकांनी ऐकला. खाप्याच्या आणि सावनेरच्या बायकांनी भरभरून लिहिलं, ते अश्विनीने आजीला वाचून दाखवलं. पण त्यात एका ध्वनितज्ज्ञ तरुणाने लिहिलं आहे की ही जुन्या काळची ऊबदार खरखर अप्रतिम आहे, सॉफ्टवेअरच्या कोणत्या प्लगइनने आणली? ओळ खाली लिहिलेली असूनही. मी उत्तर लिहायला घेतलं होतं. नितीनने माझ्या हातातून फोन काढून घेतला.

आता मी बॅचला ही कॅसेट नाही, स्पूलचा डावा पट्टा वाजवते आणि पार्बताबाई थांबतात तिथे मुलांना विचारते, काय ऐकू येतंय. धडा एवढाच की गाणारा थांबला की खरं ऐकायचं काम सुरू होतं, आणि चहा रेकॉर्डिंग संपल्यावर प्यायचा. दसऱ्याला टिळा लावायचाच असेल तर टेबलाला लावा. टेबलाचं काही बिघडत नाही.