जमिनीची ओढ मोजणारा

मी काही लेखक नव्हे, घरातला पहिलाच कॉलेजला गेलेला. चुकलं तर सांभाळून घ्या.

लातूर नुकता वेगळा जिल्हा झाला होता. दुष्काळात आमच्या वस्तीची विहीर आटली आणि आई दोन कोसांवरून पाणी आणू लागली. तेव्हा मी सुट्टीत घरी होतो. एक सरकारी माणूस पाण्याची जागा शोधायला जमिनीचं चुंबकत्व मोजायचं यंत्र घेऊन आला. जवळ लोखंड असलं की आकडे चुकतात, म्हणून त्याची पँटही पट्ट्याऐवजी सुतळीने बांधलेली.

"इळा बी दूर ठिवू व्हय? पाणी काय इळ्याला चिकटतंय?" शेतात आलेली माझी मावशी हातातला विळा दाखवत म्हणाली.

मी वही धरून त्याच्या शेजारी चालत होतो. दुपारपर्यंतचे सगळे आकडे वेडेवाकडे आले. माझ्या करदोड्याला पेटीची लोखंडी किल्ली होती! मी घाबरत सांगितलं.

तो हसला. "लेका, जमिनीपेक्षा तुझीच ओढ लई हाय की!"

मग अख्खं शेत तो उन्हात पुन्हा चालला.

"या ओढीला काय म्हणतात, साहेब?"

"भूचुंबकत्व. खाली काळ्या दगडाची भिंत असली की ते बदलतं. पाणी तिथंच अडतं."

त्यानं एका जागी लाकडी खुंटी ठोकली आणि तो गेला. आभार मानायचे राहूनच गेले.

दोन महिन्यांनी नांदेडच्या वसतिगृहात बापाचं पोस्टकार्ड आलं, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं: "खुंटीपाशी बोअर घेतला. पाणी लागलं. आई घरीच असते."