बेलपाड्याच्या निवट्या आणि माझे दोन गाइड

निवटी म्हणजे खाडीच्या चिखलावर सरपटणारा मासा. पनवेलच्या बाजारातून आमच्या घरी तो जिवंतच यायचा. मी त्याच्यावर पीएच.डी. करणार म्हटल्यावर आई म्हणाली, "ताटात पडतं त्याच्यावर कसला गं अभ्यास?"

अभ्यास उडीचा होता. मादीला बोलवायला यातला नर बिळाजवळ उंच उडी मारतो. बेलपाड्याजवळच्या खाडीत जुन्या मिठागराकडचे नर चांगले उंच उडायचे आणि पुलाखालचे जेमतेम. हा फरक चिखलाने केला की तो रक्तातच होता? पुलाखालच्या थोड्या निवट्या एका पावसाळ्यापुरत्या मिठागराकडे सोडून पाहायचं, एवढंच माझं म्हणणं. चिखल कळणारी व्यक्ती वेगळी आणि रक्त कळणारी वेगळी, म्हणून फेलोशिप दोन गाइडची होती. पर्यावरणाच्या मॅडम खारघरच्या कॉलेजात, उत्क्रांतीचे सर पुण्याला. दोघांनी हो म्हटल्याशिवाय चिखलात जाळं टाकायचं नाही, असा नियम होता.

दोघंही देवमाणसं, आणि इथेच घोडं पेंड खात होतं. सरांना वाटे, आधी पुण्यात काचेच्या टाक्यांत पिल्लं वाढवून बघावीत. मॅडमना वाटे, टाकीतला मासा म्हणजे मासाच नव्हे. पण हे ते एकमेकांना सांगतील तर शपथ! मला मात्र दोघंही सांगायचे आणि वर, "हे मी म्हटलं असं तिकडे बोलू नकोस हं." मॅडमना विचारलं की, "सर ज्येष्ठ आहेत, ते म्हणतील तसं." सरांना विचारलं की, "खाडी मॅडमची, शब्द त्यांचा." लग्नात पंगतीला 'आधी तुम्ही बसा, आधी तुम्ही' चालतं ना, तसं. आणि अन्न गार होतंय ते वाढप्यालाच दिसतं.

आई म्हणायची, "दोन्ही घरचा पाहुणा उपाशी." मला तिचा राग यायचा, कारण ते खरं होतं.

उन्हाळ्यात मिठागराचे मालक बांधावर भेटले. मीठ पिकवणं त्यांनी कधीच सोडलं होतं. त्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, "बाय, दसऱ्यानंतर हितं भराव येनार हाय. तुमाला काय बघायचा हाय ता या पावसाल्यातच बघून घ्या. मंग आमी पन काय करू शकनार नाय."

मी त्याच संध्याकाळी दोघांना कळवलं. रडकुंडीला येऊन कळवलं. सरांचं उत्तर आलं, "मॅडम काय म्हणतात?" मॅडमनी फोनवर विचारलं, "सरांना सांगितलंस का?"

पाऊस आला, उड्यांचा हंगाम सुरू झाला. मी रोज बांधावर छत्री धरून बसायचे. मिठागराकडचा एकेक नर असा काही उडायचा की मला हसू यायचं, आणि लगेच मी दसऱ्याला किती दिवस उरले ते मोजायचे. पुण्याहून खारघरला आणि खारघरहून पुण्याला आदर नुसता येत-जात राहिला. पाऊस संपला.

दसऱ्यानंतर डंपर आले. बातमी ऐकून दोघंही धावत आले, पहिल्यांदाच एकत्र. मुरमाच्या लाल भरावावर उभे राहून सर म्हणाले, "मॅडम, मला वाटलं तुमची इच्छा नाहीये." मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. "सर, तुमचा शब्द मी कसा ओलांडणार होते?" दोघांनी एकमेकांची माफी मागितली. फार मनापासून मागितली. मी बाजूला उभी होते. मला वाटत होतं, या दोघांतलं एक जरी माणूस जरा उद्धट असतं, एकाने जरी खेकसून म्हटलं असतं, 'मी सांगतोय ना, कर,' तर मी जन्मभर त्याचे पाय धुतले असते.

विषय बदलला. बाटल्यांत जपून ठेवलेल्या मेलेल्या निवट्यांची मापं घेऊन मी डॉक्टर झाले. समारंभाला दोघं शेजारी बसले होते, आधी कोण बसणार यावर जरा वेळ घालवून. मी दोघांच्या पाया पडले. राग गेला होता, पण हळहळ काही गेली नाही. उडी चिखलाची होती की रक्ताची, हे त्या खाडीपुरतं आता कुणालाच कळायचं नाही.

आई अजून बाजारातून निवट्या आणते. धुताना पातेल्यातून एखादी उसळी मारते, आई पटकन वर ताट झाकते आणि म्हणते, "बघत काय बसलीस, मीठ दे." मी मीठ देते. पण ती किती उंच गेली, ते माझ्या डोळ्यांनी आधीच मापलेलं असतं.