टॉवेलाखालची बोटं

२२ एप्रिल. फिजिक्सचा पेपर टाइप करते आहे, परवा क्लासला द्यायचा. लॅपटॉप सारखा बंद पडतो. बिजागर निखळलं म्हणून पडद्याला मागून साखरेच्या डब्याचा टेकू दिला आहे. नवा घ्यावा की हाच पुन्हा दुरुस्तीला टाकावा, हे आठवडाभर ठरत नाही. परीक्षेच्या दिवसांत हा कायमचा बसला तर क्लासवाले काम दुसरीकडे देतील. नव्यावर हात बसायला वेळ लागला, तरी तेच. चहा ठेवते, न पिता परत येऊन बसते.

अशा वेळी टायपिंगच्या बाई आठवतात. भूकंपानंतर त्यांनी लातूरला पत्र्याच्या शेडमध्ये टायपिंग शिकवायला सुरुवात केली. मी तिथेच शिकले. आमच्या हातांवर त्या टॉवेल टाकायच्या, म्हणजे अक्षरं दिसू नयेत. कुणी टॉवेल उचलून बघितलं की म्हणायच्या, "काय हरवलं गं खाली? बोटं हायेत जागेवर, मी बघितलीत."

नवी मशीन आली की स्वतःही डोळे मिटून त्यावर हात चालवायच्या. विकणारा रंगाचं कौतुक सांगत राहायचा. बाईंचं लक्ष नसायचं.

एखाद्या वस्तूवरून कुणी घोळ घातला की त्यांचा प्रश्न ठरलेला. "जमीन हालली तर पळताना हे उचलशील का?"

एकदा मी विचारलं, "बाई, तुम्ही त्या दिवशी काय उचललं?"

"दुधाचं पातेलं. अंगणात येईस्तोवर तेही सांडलं." आणि लई हसल्या. पण शेडचं दार मात्र भर पावसातही लावू देत नसत. कागद भिजले तर म्हणायच्या, वाळतील.

पुढे गल्लोगल्ली क्लास निघाले, बाहेरगावची पोरं खोल्या करून राहू लागली आणि शेडच्या समोरच कॉम्प्युटरची पाटी लागली. शिकायला येणारे आटले. बाईंनी मशिनी भंगारात दिल्या आणि बहिणीकडे मुदखेडला निघाल्या. मी नांदेडच्या बसपर्यंत पोचवायला गेले.

"तोंड का पाडलंस?" खिडकीतून म्हणाल्या. "मशिना गेल्या. तुझी बोटं कुणी नेली का?"

ती शेवटची भेट. त्या वारल्याचं मला महिन्याने कळलं.

आत्ता रस्त्यावरून भरलेला ट्रक गेला, खिडकीच्या काचा थरथरल्या, आणि मी थेट अंगणात. इतक्या वर्षांनीही पाय मला विचारत नाहीत. तिथे उभी राहून बघितलं, हात रिकामे होते. लॅपटॉप आतच राहिला होता. आत आले तर पुन्हा बंद.

२३ एप्रिल. सकाळी लॅपटॉपचं दुकान उघडायच्या आधीच दारात जाऊन उभी राहिले. काउंटरवर एक मुलगी होती. "थांबा काकू, चालू करून दाखवते. पडदा बघा किती भारी हाय."

"राहू दे बंदच," मी म्हटलं आणि पर्समधला रुमाल हातांवर टाकला. पहिल्यावर बोटं घसरली. दुसऱ्यावर अडखळली. तिसऱ्यावर मी आख्खा परिच्छेद टाइप केला. मुलगी बंद पडद्याकडे बघत राहिली.

"हाच दे," म्हटलं. "आणि लवकर बांध बाई, पेपर अर्धा राहिलाय."