कुंदाताईंचे झेंडे

फोन आला तेव्हा मी वाळूजच्या शेडमध्ये एका शाफ्टला शिव्या देत होतो. फोन कन्नडहून, कुंदाताईंच्या गावाहून होता, त्यांचा धाकटा भाऊ रावसाहेब याचा. त्यानं आधी माझी तब्येत विचारली, मग कपाशीचं सांगितलं. "भाऊ," तो म्हणाला, "ताई सकाळी गेली. चहा झाला, तात्यांपाशी ओसरीवर बसली व्हती... बसल्या बसल्याच." यावर मी "बरं" म्हणालो. आपलं माणूस गेल्याची बातमी ऐकून 'बरं' म्हणणारा मी एकटाच असेन. फोन ठेवून पुन्हा कामाला लागलो, आणि बऱ्याच वेळानं लक्षात आलं की आपण मघापासून आधीच आवळलेला नट आवळतोय. मग मात्र पाना खाली ठेवला आणि तिथंच फरशीवर बसून रडलो.

याला आता काही आठवडे झाले. लिहायला बसलो की कुंदाताईंच्या आठवणीनं हसूच जास्त येतं, त्याला माझा इलाज नाही. आमची ओळख कामातली. मी पॅकिंगची मशीनं बनवतो. धान्य, बियाणं, मसाले असं काहीही मोजून पिशवीत भरायचं आणि तोंड बंद करायचं. लोखंडाचं काम माझं, पण मशीनचं डोकं, म्हणजे आतलं इलेक्ट्रॉनिक्स, मी बाहेरून तयार आणायचो. ते बिघडलं की दुरुस्तीला येणारा माणूस हंगाम संपल्यावर उगवायचा. कुंदाताई आमच्याच एमआयडीसीत एका मोठ्या कंपनीत हेच डोक्याचं काम करत होत्या. ती कंपनी पुण्याला हलली आणि त्यांनाही तिकडं बोलावणं आलं. पगार चांगला, राहायची सोय चांगली. आणि ही बाई माझ्या पत्र्याच्या शेडमध्ये येऊन म्हणते, या मशीनचं डोकं मी बनवते, हंगामापर्यंत चालवून दाखवलं तर मला इथं ठेवा.

पुणं एवढं काय वाईट आहे, असं मी विचारलं होतं. तर म्हणाल्या, "वाईट काय बी नाय. पण भाऊ, तिथं माझ्या रविवारचं मी काय करू?" लग्न केलेलं नव्हतं. आई लवकर गेलेली. शनिवारी संध्याकाळी एसटीत बसायचं, रविवारभर वडिलांजवळ, म्हणजे तात्यांजवळ, ओसरीवर बसून गावभरच्या गप्पा ऐकायच्या आणि सोमवारी सकाळच्या गाडीनं परत, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम होता. पुण्याची जागा त्यांनी जेमतेम पेरणीपर्यंत धरून ठेवली होती. मशीन चाललं तर कन्नडचा रविवार राहणार होता, नाहीतर जाणार होता. एवढा साधा हिशेब होता, आणि तो आम्हा दोघांनाही पाठ होता.

मशीनच्या आत काय चालतं ते मला समजावून सांगायचा त्यांनी विडाच उचलला होता. एका चिपमध्ये अनेक कामं एकाच वेळी चालू असतात, त्यांना त्या टास्क म्हणायच्या. एक टास्क वजन करतो, एक पिशवी पकडतो, एक पिशवीवर तारीख आणि लॉट नंबर छापतो, एक वरचं गेट उघडून बी खाली सोडतो. हे सगळे आपापल्या तंद्रीत असतात, एकमेकांकडं बघत नाहीत. मग गेटला कसं कळायचं की आता उघडायला हरकत नाही? त्यासाठी झेंडे. इंग्रजीत त्याला इव्हेंट फ्लॅग म्हणतात, पण आमच्या शेडमध्ये तो शब्द कुणी वापरला नाही. वजन झालं की वजनाचा झेंडा वर. पिशवी आली की पिशवीचा झेंडा वर. गेटचा टास्क झोपलेला असतो, त्याला सांगून ठेवलेलं असतं की दोन्ही झेंडे वर दिसल्याशिवाय उठायचं नाही. काही टास्कना वेगळं सांगितलेलं असतं, की चारपैकी कुठलाही एक वर गेला तरी उठा. मी म्हणालो, म्हणजे पंगत आणि चहाची टपरी. पंगतीत शेवटच्या पानावर वाढून होईपर्यंत सगळे थांबतात, टपरीवर ज्याचा चहा आला तो प्यायला लागतो. हे ऐकून त्यांनी माझ्याकडं जरा कौतुकानं पाहिलं, आणि हे आपल्याला का सुचलं नाही म्हणून दिवसभर घुश्शात होत्या.

मशीन बिडकीनजवळच्या एका बियाण्याच्या कारखान्यात बसवलं आणि खोड निघाली. पिशव्या झकास भरायच्या, वजन बरोबर, सील बरोबर... पण मधूनच एखादी पिशवी कोरी यायची. तारीख नाही, लॉट नंबर नाही. छपाई नसलेली बियाण्याची पिशवी विकता येत नाही, ती फोडून बी पुन्हा वर ओतावं लागतं. आणि कोरी पिशवी कधी येईल याचा काही धरबंध नाही. आम्ही दोघं समोर टक लावून बसलो की एकही यायची नाही. चहाला वळलो की आलीच. ताई म्हणायच्या, सेन्सर बसवलेली तुमची पट्टी हलते म्हणून त्याला पिशवी दिसत नाही. मी म्हणायचो, माझी पट्टी हलत नाही, तुमचे झेंडे हलतात. मी पट्टी बदलली, सेन्सर बदलला, शेवटी चिडून पूर्ण चौकट नव्यानं वेल्ड केली. कोऱ्या पिशव्या येतच राहिल्या. कारखान्याचे मालक सभ्य गृहस्थ, पण त्यांनीही हात जोडून सांगितलं की पेरणीच्या आधी नीट झालं नाही तर मशीन घेऊन जा. पुण्याचे फोन वाढले. एक दिवस ताई डबा खाता खाता अगदी सहज म्हणाल्या की पुण्यात खोली बघायला सांगितलं आहे. त्या दिवशी मला डबा गेला नाही.

अशात रावसाहेबच्या थोरल्या मुलीचं लग्न आलं, कन्नडला. माझ्या मनात जायचं नव्हतं, पण ताईंनी मला आणि माझ्या बायकोला ओढून नेलं. त्यांच्या भावकीत अजून बसून पंगत होते. पत्रावळी मांडायच्या, सगळ्यांना वाढून झालं की घरचं वडीलधारं माणूस हात जोडून सुरू करायला सांगणार, आणि पंगत उठली की घरच्यांनी भराभर पत्रावळी गोळा करून, झाडून, पुढच्या पंगतीला जागा करायची. हे गोळा करायचं खातं ताईंच्या चुलत्यांकडं, आबांकडं होतं. आबांचा उरक फार. पाहुणा हात धुवायला वळला की त्याचं पान गायब. लोक गमतीनं म्हणायचे की आबांच्या पंगतीला जेवताना पान डाव्या हातानं धरून ठेवावं लागतं.

त्या दिवशी तात्यांना सगळ्यांनी मिळून या पंगतीला बसायचा आग्रह केला होता. नवरीचे आजोबा, सकाळपासून उपाशी. त्यांचं पान मांडलं, वाढलंही. पण तात्या मांडवाच्या दारात नवऱ्याकडच्या मंडळींचं आगतस्वागत करण्यात गुंतलेले. इकडून हाक गेली की तिकडून "आलो, आलो" म्हणायचे आणि आणखी एका पाहुण्याचा हात धरायचे. इकडं पंगत जेवली, लोक उठले, आणि आबा कामाला लागले. उठलेल्यांच्या पत्रावळी गुंडाळता गुंडाळता तात्यांचीही गुंडाळली. तात्या अखेर धोतर सावरत आले तेव्हा त्यांच्या जागेवर केरसुणी फिरत होती.

"आबा, म्या जेवलो नाय आजून."

"पंगत उठली की, तात्या."

"पंगत उठली आसंल. म्या बसलोच कवा व्हतो?"

सगळा मांडव हसला. ताईही हसल्या, आणि हसता हसता एकदम थांबल्या. आम्ही अजून पानावरून न उठलेल्या दोन-चार जणांत होतो, ताईंच्या हातात अर्धा लाडू तसाच. माझ्याकडं वळून अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, प्रिंटर म्हंजे तात्या. आन गेट म्हंजे आबा." माझी बायको त्यांच्याकडं बघत राहिली. उन्हानं काही झालं की काय, असं तिला वाटलं. मला मात्र लख्ख कळलं.

झालं असं होतं की पिशवीचा झेंडा एकच होता आणि त्याची वाट दोघं बघत होते, गेट आणि प्रिंटर. दोघंही वेळेवर येऊन बसले असतील तर झेंडा वर गेल्यावर दोघंही उठायचे, काही बिघडायचं नाही. पण प्रिंटरला मधूनच रिबन पुढं ओढावी लागायची आणि तो मागच्याच पिशवीत अडकायचा. तेवढ्यात पुढची पिशवी यायची, गेट उठायचं, आपलं काम करायचं आणि जाताना सवयीनं झेंडा खाली करून जायचं. प्रिंटर आपला धावत येतो तर झेंडा खाली. त्याच्या लेखी पिशवी आलीच नाही. आणि आम्ही टक लावून बसलो की कोरी पिशवी का येत नव्हती? तर आम्ही नीट बघता यावं म्हणून मशीन सावकाश चालवायचो, त्यामुळं प्रिंटरला पोहोचायला सवड मिळायची, आणि चहाला उठताना वेग पुन्हा वाढवायचो. माझी बिचारी चौकट फुकट वेल्ड झाली होती.

ताईंनी तो लाडू संपवला, तात्यांना पुढच्या पंगतीत स्वतः समोर बसून जेवू घातलं, आणि दुसऱ्या दिवशी शेडमध्ये येऊन दुरुस्ती केली. नियम एकच केला. ज्याची पत्रावळ त्यानं उचलायची. पिशवी आली की दोन झेंडे वर, एक गेटचा, एक प्रिंटरचा. प्रत्येकानं फक्त आपला खाली करायचा, दुसऱ्याच्याला हात लावायचा नाही. शिवाय छपाई झाल्याचा तिसरा झेंडा दिसेपर्यंत पिशवी पुढं सोडायची नाही. बिडकीनला मशीन पूर्ण वेगात सुरू केलं आणि ताई पिशव्या बाहेर पडतात तिथं उभ्या राहिल्या, प्रत्येक पिशवीवरच्या अक्षरांवरून बोट फिरवत. संध्याकाळपर्यंत बोट काळं झालं. मालकांनी कौतुक केलं नाही, दुसऱ्या मशीनची चौकशी केली. ताईंनी तिथूनच पुण्याला फोन लावला. जमणार नाही म्हणून सांगितलं. पलीकडच्यानं कारण विचारलं असावं, कारण त्या म्हणाल्या, "रविवारी काम असतंय." मी तोंड फिरवून उगाच एका बेल्टचा ताण बघत बसलो.

त्यानंतर त्या माझ्याकडं राहिल्या त्या अखेरपर्यंत. आमचं भांडण रोजचं. त्यांच्या मते मी नको तिथं जाड लोखंड घालायचो, माझ्या मते त्या नको तिथं अक्कल घालायच्या. आणखी एक हट्ट त्यांचा असा की कुठल्याही टास्कनं झेंड्याची वाट जन्मभर बघत बसायचं नाही. किती वेळ थांबायचं ते आधी ठरवायचं, आणि तेवढ्या वेळात झेंडा आला नाही तर गुपचूप पडून न राहता माणसाला सांगायचं. सांगायचं कसं, तर मशीनच्या छोट्या पडद्यावर. सगळीकडं असतो तसा एखादा इंग्रजी अक्षर आणि आकड्याचा कोड टाकू, असं बिडकीनच्या मालकांचं मत होतं आणि माझंही. ताई ऐकेनात. त्या पडद्याला मराठी अक्षरं येत नव्हती, तर यांनी एकेक अक्षर ठिपक्या-ठिपक्यानं स्वतः बनवलं. जोडाक्षरांनी त्यांना रडवलं, म्हणून शक्यतो जोडाक्षर नसलेली वाक्यं शोधली. आणि भाषा घरची. 'पिशवी नाय आली. बघा जरा.' 'रिबन संपली. घाई नाय, पण बदला.' मालक म्हणाले, हे काय मशीन आहे का आत्याबाई? पण मालक मंडळींपुढं ताईंनी हार मानल्याचं मी कधी पाहिलं नाही.

ताई गेल्यावर त्यांचं काम मेघनाकडं आलं. हुशार मुलगी, ताईंच्याच हाताखाली शिकलेली. जुन्या मशीनांमध्ये सुधारलेला प्रोग्राम घालायचा होता, म्हणून परवा आम्ही बिडकीनला गेलो. नव्या प्रोग्राममध्ये पडद्यावरची वाक्यं शुद्ध आणि नेटकी केली आहेत. 'कृपया पिशवी तपासा' वगैरे. आता मशीनं विदर्भात जातात, गुजरातेत जातात, तेव्हा हे बरोबरच आहे, आणि मीच तिला तसं करायला सांगितलं होतं. मेघना प्रोग्राम घालायची वायर बॅगेतून काढत होती तेवढ्यात मशीन थांबलं आणि पडद्यावर ताईंचं वाक्य आलं. पिशवी नाय आली. बघा जरा.

मशीनवर कडूबा नावाचा माणूस होता, पलीकडं दोरा तोडत उभा. त्यानं मान वर करून पडदा वाचला आणि म्हणाला, "व्हय ताई, आलो." आमच्याकडं बघितलंही नाही. गेला, अडकलेली पिशवी सोडवली, बटण दाबलं. मी त्याला विचारलं, ताईंना कधी भेटला होतास का. त्याला काही उमगेना. तो नवीनच लागलेला. आधीचा माणूस असंच म्हणायचा, म्हणून हाही म्हणतो. मग कोण ताई, कुणाशी बोलतोस, असं मी विचारलं.

कडूबा जरासा लाजला. "ते काय म्हाईत नाय बा. पर ती कवा वरडत नाय, म्हून जावंसं वाटतंय."

मेघनानं माझ्याकडं पाहिलं आणि नवा प्रोग्राम न घालताच वायर पुन्हा गुंडाळायला घेतली. मी डोळे पुसले आणि कडूबाला सांगितलं की ही ताई कन्नडची होती.

"मंग तरीच," तो म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. "म्याबी तिकडचाच हाय." आणि तो पिशव्यांचा नवा गठ्ठा लावायला गेला.